लिओकादिओचा पावडरचा डबा

मी एक जुना पत्र्याचा डबा आहे, पोचे आलेला, झाकण हरवलेला. मित्रांनो, माझी कीव करायची असेल तर आधी माझी हकीकत ऐका.

रिओच्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. पोटात तांदळाची पांढरी, सुवासिक पावडर भरून मला बड्या लोकांच्या एका फुटबॉल क्लबात पाठवले. मला वाटले, एखाद्या बाईसाहेबांच्या आरशापुढे माझी जागा असेल. ती निघाली खेळाडूंच्या खोलीत, लिओकादिओसाठी.

लिओकादिओ आघाडीचा खेळाडू. गोल करावा तर त्यानेच. पण तो धोबीण युफ्रासियाबाईंचा काळा मुलगा, आणि क्लबात बाकी सगळे गोरे. म्हणून सामन्याआधी त्याने गालांना पावडर फासायची, असा अध्यक्ष डॉक्टर पेसान्यांचा हुकूम होता. उत्तरार्धात घामाचे ओघळ फुटत आणि विरुद्ध संघाचे प्रेक्षक ओरडत, "अरे, ह्या भिंतीचा चुना गळायला लागला!" क्लबचे सदरे धुताना युफ्रासियाबाई लिओकादिओच्या पावडर मुरलेल्या कॉलरपाशी अडत. "चिखल निघतो रे पोरा, हे निघत नाही," एवढेच म्हणत.

अंतिम सामन्याच्या सकाळी पावसाने मैदानावरच्या चुन्याच्या खुणा धुऊन नेल्या. लिओकादिओने मला उचलले आणि गाल न माखताच निघाला.

"पावडर लाव, नाहीतर बाहेर बस!" डॉक्टर गरजले.

कप्तान आउगुस्तो बुटाची नाडी आवळत म्हणाला, "मग अकरावे तुम्हीच उतरा, डॉक्टरसाहेब. पोट तेवढं आत घ्या, म्हणजे झालं."

डॉक्टर लालबुंद झाले. "लिओकादिओ, आज असा खेळलास तर उद्या या दारात पाय ठेवायचा नाही!"

"उद्याचं उद्या. आज तर ठेवतो," लिओकादिओ म्हणाला.

मैदानाच्या मधोमध त्याने मला सगळ्यांदेखत उलटे केले. पावडरीचा ठसठशीत ठिपका पडला. त्यावर चेंडू ठेवून तो आउगुस्तोला म्हणाला, "बघ लेका, इथे कशी शोभते!"

त्या दिवशी त्याने दोन गोल केले, स्वतःच्या चेहऱ्याने. क्लबने चषक ठेवून घेतला आणि त्याला काढून टाकले. पुढची सगळी वर्षे तो कापडगिरणीच्या संघातून खेळला. आईला त्याची कॉलर पुन्हा घासावी लागली नाही.

लिओकादिओने मला घरी नेले; तिथे मी कपड्यांचे चिमटे सांभाळले. कुणी मला रिकामा म्हणाले की मी मनातल्या मनात ताठ होतो. मित्रांनो, मला गंजू देऊ नका, अधूनमधून पुसा. माझ्यात खिळे ठेवा, बटणे ठेवा, लसूण ठेवा. पण कुणाचा चेहरा झाकायला मला पुन्हा पुढे केलेत, तर माझ्या पत्र्याची धार अजून बोथट झालेली नाही, एवढे ध्यानात असू द्या.