गेल्या जन्मीची खोली

चष्म्याच्या दुकानात मागच्या बाजूला काचा घासायचं मशीन होतं, आणि त्या मशीनवर गेली बावीस वर्षं एकच बाई बसत होती. दुकानात सगळे तिला ताई म्हणत, तिच्याहून वयाने मोठे असलेले मालकसुद्धा. म्हणून आपणही ताईच म्हणू. फिरत्या चाकावर पाण्याची बारीक धार पडत असे, काच टेकली की कर्रकन आवाज होई आणि पांढरा गाळ ताईच्या बोटांवर उडे. हात असा बसलेला की घासलेली काच फ्रेममध्ये एका दाबात टचकन बसायची. दुसऱ्यांदा घासावी लागली असं वर्षातून एखाद्या वेळेस व्हायचं, आणि त्या दिवशी ताई कुणाशी बोलायची नाही.

एरवी मात्र बोलघेवडी. दुपारी डबे उघडले की काउंटरवरची मुलगी विचारायची, “मग ताई, आज कोण होतात?”

हा त्यांचा जुना खेळ. सुरुवात त्या मुलीनेच केली होती. तिला पाण्याची भीती होती आणि ती सहज म्हणून गेली होती, “मागच्या जन्मी बुडून मेले असणार मी.” सगळे हसले, पण ताईच्या डोक्यात ते पक्कं बसलं. तिचं म्हणणं असं, की घरात कुणालाच नसलेली आवड एखाद्याला असते, ती काय आभाळातून पडते? ती मागून येते. जन्म बदलतो, पण खोड जात नाही.

आणि ताईला अशा खोडी बऱ्याच होत्या. तिला कुलपांचं वेड होतं. भंगाराच्या बाजारातून गंजलेली, किल्ली हरवलेली कुलपं ती उचलून आणायची आणि वाकवलेल्या तारेने तासन्‌तास खटपट करून उघडायची. यंत्राच्या तेलाचा वास तिला अत्तरासारखा वाटायचा. शिवाय कुठे गोल खिडकी दिसली की तिचे पाय थांबायचे. वर्तमानपत्रातली, जहाजांची, जुन्या इमारतींची, अशी गोल खिडक्यांची चित्रं कापून तिने एका वहीत चिकटवली होती. त्याच वहीत वाळवंटांचे नकाशेही होते. ते का आवडतात, हे तिला कधी सांगता आलं नाही.

वहीत तिने आपले जन्मही लिहून ठेवले होते. एकदा कुलपं करणारा कारागीर. एकदा जहाजाच्या तळाशी इंजिनाला तेल घालणारा खलाशी, एका गोल काचेतून समुद्र बघणारा. एकदा चोर. “चोर तर नक्कीच!” मालक म्हणायचे. “उद्यापासून तिजोरीची किल्ली माझ्या गळ्यात.”

घरी मात्र हा विषय चालत नसे. ताईने लग्न केलं नव्हतं. बाबा जाऊन पंधरा वर्षं झाली होती. घरात ती आणि आई, दोघीच. आईचं वय अठ्ठ्याहत्तर, हृदय थकलेलं, जीभ मात्र ठणठणीत. जन्मांचा विषय निघाला की ती तोडून टाकायची. “या जन्मीचं निस्तरताना नाकी नऊ येतात, तुला मागचे कशाला हवेत?” कुलपांवर तर तिचा विशेष राग. कपाटातली कुलपं ती कधी पुसायची नाही. तिकडे पाठ करून बसायची. ताईला वाटे, म्हातारपणाचा हट्ट.

एका रविवारी दुपारी ताई बाजारातून पितळी कुलूप घेऊन आली. तळहाताएवढं, जड. तिने टेबलावर जुना कागद पसरला, कुलपात तेलाचे चार थेंब सोडले आणि तार घातली. आई समोरच्या खाटेवर उशीला टेकून बसली होती.

“ते आत ने. वास सहन होत नाही मला.”

“दोन मिनिटं, आई. सुटतच आलंय.” ताई कुलपावर वाकलेली होती. स्वतःशीच बोलावं तसं ती पुढे म्हणाली, “गंमत सांगू? आजकाल मला वाटतं, मी कारागीर वगैरे कुणी नव्हते. मी आत होते. एक खोली दिसते मला. वर, छताजवळ गोल झरोका. दाराला बाहेरून कुलूप. कैदी असेन मी. मला आत ठेवणारा कुलूप घालून गेला आणि विसरला.”

“विसरला नव्हता गं तो!”

आवाज इतका वेगळा होता की ताईच्या हातातली तार निसटली. आई सरळ उठून बसली होती.

“कोण विसरला नव्हता?”

आईने आधी हात हलवून नाही म्हटलं, काही नाही, काही नाही. मग तिला रडू फुटलं. ताईने पाणी दिलं, पाठीवरून हात फिरवला, जिभेखालची गोळी दिली. ते सगळं झाल्यावर आई भिंतीकडे बघत बोलायला लागली, आणि पंचेचाळीस वर्षं दाबून ठेवलेलं एका दुपारीत बाहेर आलं.

ताई तिच्या पोटची नव्हती. भावाची होती. भाऊ दुसऱ्या गावी कारखान्यात फिटर. बायको बाळंतपणाच्या आजारात गेलेली, पोर चार वर्षांची. तो पोरीला वाढवत होता, पण कामावर जाताना तिला ठेवणार कुठे? खोलीत ठेवायचा. खायला-प्यायला ठेवायचा, खेळायला मोडक्या कुलपांचा डबा द्यायचा, आणि जिन्यावरून पडेल म्हणून बाहेरून कुलूप लावायचा. मधल्या सुट्टीत धावत येऊन बघून जायचा. एका गुरुवारी तो बहिणीकडे आला. म्हणाला, मला हे बघवत नाही, थोडे दिवस पोर तुझ्याकडे राहू दे.

“सासूबाई आल्या होत्या तेव्हा,” आई म्हणाली. “घरात पाहुणे. मला मूल नाही म्हणून आधीच टोमणे, त्यात भावाचं पोर आणून बसवलं म्हणून आणखी. मी त्याला म्हटलं, सोमवारी आण. सोमवारी सगळे जातायत.”

“मग?”

“शुक्रवारी सकाळी मशीनच्या पट्ट्यात त्याचा हात गेला. डोकं आपटलं. शुद्धीवर आलाच नाही, कुणाला सांगणार? कारखान्यातल्यांना वाटलं, पोर माझ्याकडे आहे. त्यानेच सांगितलं होतं त्यांना, बहिणीकडे ठेवतोय म्हणून. शनिवारी संध्याकाळी गेला. मला निरोप मिळाला रविवारी. दवाखान्यात पोचले आणि विचारलं, पोर कुठे आहे? तर सगळे माझ्याच तोंडाकडे बघायला लागले.”

ताईने निसटलेली तार उचलून कागदावर ठेवली.

“मी धावत गेले. दगडाने कुलूप फोडलं. तू दाराला चिकटून पडली होतीस. भांड्यात पाण्याचा थेंब नव्हता. तुझी बोटं...” आईने आपलीच बोटं मुठीत धरली. “त्यानंतर तू वर्षभर बोलली नाहीस. जेव्हा बोललीस तेव्हा मला आई म्हणालीस. आम्ही गाव बदललं. मी मनाशी म्हटलं, पुसलं गेलं.”

टेबलावरचं कुलूप ताईने कागदात गुंडाळलं आणि बाहेर कचऱ्याच्या पिंपात टाकून आली. स्वयंपाक केला. आईला वाढलं. स्वतः जेवली नाही.

पुढच्या गुरुवारी सुट्टी घेऊन ती त्या गावी गेली. बसने अडीच तास. पत्ता आईकडूनच घेतला होता, आणि आईने तो एका दमात सांगितला होता.

इमारत अजून होती. तीन मजली, अरुंद जिना, कठड्याचा रंग उडालेला. दुसऱ्या मजल्यावर डावीकडची खोली. दार सताड उघडं. आत कुणीतरी भाड्याने द्यायच्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या एकात एक घालून छतापर्यंत रचून ठेवल्या होत्या. वर गोल झरोका होता. त्यात आता पंखा बसवला होता आणि त्याच्या पात्यांना काजळी धरली होती. ताईला वाटलं होतं, इथे आल्यावर काहीतरी आठवेल, निदान रडू येईल. काहीच झालं नाही. खोली तिला फार लहान वाटली, एवढंच.

“कोण पाहिजे?” शेजारच्या दारातून एका म्हातारीने विचारलं.

ही बाई पूर्वी घरी शिवणकाम करायची. मशीन अजून खिडकीपाशी होतं, वर कपड्यांचा ढीग. चष्मा नाकावरून घसरत होता; बोलता बोलता दर वेळी ती तो बोटाने वर ढकलायची. ताईला ते बघवेना. “द्या इकडे,” ती म्हणाली, आणि दाराशीच उभी राहून पर्समधला बारीक पेचकस काढून तिने दांडीचा स्क्रू आवळला. काचा पदराने पुसल्या. चष्मा परत शिवणवालीच्या नाकावर ठेवला.

शिवणवालीने डोळे मिचकावले. ताईकडे पाहिलं, मग उघड्या दाराकडे, मग पुन्हा ताईकडे.

“तू फिटरची पोर तर नव्हेस?”

“हो.”

म्हातारी दाराच्या चौकटीला धरून हळूच खाली बसली. ताईही समोरच्या पायरीवर बसली.

“तुम्ही तेव्हा इथेच होतात?” ताईने विचारलं.

“कुठे जाणार? लग्न झाल्यापासून इथेच आहे.”

“मी रडले असेन ना?”

म्हातारीने पदर मांडीवर सारखा केला. मग म्हणाली, “पहिल्या दिवशी रडलीस. तू रोजच रडायचीस थोडी, बाप गेला की. दुसऱ्या दिवशी दार वाजवत होतीस. माझं मशीन चालू होतं, मला एका लग्नाचे कपडे द्यायचे होते. तिसऱ्या दिवशी आवाज थांबला. मला वाटलं, बाप आला.”

“कुलूप दिसलं नाही?”

“दिसलं की. पण ते रोजच असायचं.” तिने पुन्हा सवयीने बोट चष्म्याकडे नेलं, पण चष्मा आता घट्ट होता. “माझे यजमान म्हणायचे, लोकांच्या घरात नाक खुपसू नये. बायको मेलेला माणूस, आपण विचारायला गेलो तर चार लोक चार गोष्टी बोलतील. मी मनात म्हटलं, संध्याकाळपर्यंत बघू. मग संध्याकाळी म्हटलं, सकाळी बघू.”

ताईला म्हातारीवर ओरडायचं होतं, पण समोर बसलेल्या बाईची मान हलत होती आणि हात एकमेकांत घट्ट गुंतले होते.

“तुझी आत्या आली ना, तेव्हा किल्ली नव्हती. खालून दगड आणला तिने. तीन घावांत फोडलं. मी दारातून बघत होते. तिने माझ्याकडे असं बघितलं...” म्हातारीने खिडकीपाशच्या मशीनकडे पाहिलं. “मी तेव्हापासून मशीन बंद ठेवून ऐकते कधीकधी. तुला राग आला असेल तर बोल मला.”

“नाही,” ताई म्हणाली. राग नव्हता म्हणून नव्हे. बसची वेळ झाली होती.

ती घरी पोचली तेव्हा आई दिवे न लावता बसली होती.

“गेली होतीस?”

“हो.”

“बोल काहीतरी. शिव्या दे मला. पण बोल.”

ताईने दिवा लावला. औषधाची डबी उघडून दोन गोळ्या हातावर काढल्या, पाण्याचा पेला भरला, आणि आईसमोर धरून म्हणाली,

“औषध घ्या.”

आईने मान वर केली. “घे” नव्हे. “घ्या.” पाच वर्षांची असल्यापासून एकेरीत बोलणारी पोर. आईने गोळ्या घेतल्या, कशाबशा गिळल्या.

पुढचे सात महिने ताईने आईचं सगळं केलं. अंघोळ घातली, केस विंचरले, पाय सुजले की तेल चोळलं, रात्री दोनदा उठून बघितलं. बघणारे म्हणायचे, अशी लेक सगळ्यांना मिळो. पण “जेवून घ्या,” “पाय वर ठेवा,” “डॉक्टर उद्या बोलावतायत,” याच्या पुढे बोलणं गेलं नाही. आणि हाक तर तिने मारलीच नाही. बोलवायचं असलं की खाटेजवळ जाऊन उभी राहायची.

तिला शिक्षा करायची नव्हती, हे सांगायला हवं. कितीतरी वेळा ती खाटेजवळ जायची ते शब्द तोंडात घेऊनच. पण “आई” म्हणावं तर तिने भावाला सांगितलेला तो सोमवार आठवायचा, आणि “आत्या” म्हणावं तर दगड आठवायचा. दोन्ही खरं होतं, म्हणून ती नुसतीच उभी राहायची.

एकदा आई म्हणाली, “मला काहीतरी म्हण गं. आत्या म्हण हवं तर. पण नुसती उभी राहू नकोस.”

“उशी नीट करू?” ताईने विचारलं.

दुकानातही खेळ बंद पडला. काउंटरवरच्या मुलीने एक-दोनदा विचारलं, “आज कोण होतात?” ताई म्हणाली, “कुणीच नाही,” आणि मशीन सुरू केलं. त्या महिन्यात तीन काचा दुसऱ्यांदा घासाव्या लागल्या.

थंडी संपता संपता आईला दवाखान्यात न्यावं लागलं. चौथ्या दिवशी सकाळी ताई चहा प्यायला खाली गेली होती. वर आली तेव्हा नर्स नळ्या काढत होती. नर्स म्हणाली, “शेवटी त्या तुम्हालाच शोधत होत्या. दाराकडे बघत होत्या.” ताई खाटेजवळ जाऊन उभी राहिली, रोजच्यासारखी.

तासाभराने तिला खालच्या खिडकीवर पाठवलं. आत चष्मेवाला कारकून फॉर्म भरत होता. मान खाली घालूनच त्याने वय विचारलं, पत्ता विचारला, वेळ विचारली.

“तुमच्या कोण?”

ताईने उत्तर दिलं. आवाज इतका बारीक निघाला की त्याला ऐकू गेला नाही.

“मोठ्याने बोला, बाई. मागे रांग आहे.”

“आई,” ताई म्हणाली. “माझी आई.”

रांगेतल्या दोघातिघांनी तिच्याकडे बघितलं. कारकुनाने लिहून घेतलं, कागद तिच्याकडे फिरवला आणि सही कुठे करायची तिथे बोट ठेवलं.