बैठकीचं ताट

"मॅडम, सिगारेट न ओढणारा माणूस सिगारेटनं मरतो का?"

विचारून टाकलं एकदाचं! मैत्रिणीनं, अपेक्षानं, डेअर दिली होती, शेजारची शेफाली बाकाखालून चिमटे काढत होती, आणि कादंबरी दहावीच्या अख्ख्या वर्गापुढे ताठ उभी होती. शाळेत व्याख्यानाला आलेल्या डॉक्टर मॅडम हसल्या नाहीत.

"मरतो. फुप्फुसांत पहारा देणाऱ्या पेशी असतात. आत आलेली धूळ, जंतू गिळायचे, हे त्यांचं काम. रोज धूर आला की त्या भडकतात, मदतीला आणखी पेशी बोलावत सुटतात. त्यातून सूज येते, ती हटतच नाही, आणि फुप्फुसाच्याच नाजूक भिंती विरत जातात. एवढं करून खरा जंतू आला, तर तो मात्र त्यांना धड गिळवत नाही. धूर दुसऱ्यानं सोडलेला असला तरी हेच."

पुढचं कादंबरीला ऐकूच आलं नाही. तिच्या कानात आईचा खोकला घुमत होता.

मांजरी गावातल्या त्यांच्या उसाच्या जागी तीन इमारती आल्या, पण वडिलांची रोज संध्याकाळची बैठक गेली नाही. पूर्वी ती ओट्यावर भरायची. आता हॉलमध्ये, एसी लावून, खिडक्या गच्च बंद करून. पानसुपारीच्या ताटात विड्यांऐवजी सिगारेटची पाकिटं आली. ताट घरच्या सुनेनंच धरायचं आणि शेवटचा पाहुणा उठेपर्यंत तिथंच उभं राहायचं. कादंबरीची आई, मुक्ताई, सतरा वर्षं उभी होती. मार्चपासून तिला जिना चढवेना, तेव्हा सासूनं, सोजरबाईंनी, तिचा कप वेगळा करून मोरीत ठेवला. "हिच्या माहेरचा रोग हाय. पोरीला लागंल."

त्या संध्याकाळी मुक्ताई भिंतीला टेकून उभी होती. ओठ निळसर. खोकल्याची उबळ आली आणि ताट कलंडलं.

"पाहुण्यांच्या अंगावर?" संभाजीराव बायकोवर खेकसले. "बाहेर जाऊन खोकावं, एवढी अक्कल नाही?"

"बाहेर गेल्या तर ताट कोण धरंल?" बैठकीतल्या दत्तोबाकाकांनी धूर सोडत विचारलं. सगळे हसले. मुक्ताईसुद्धा हसली, धापा टाकत. तेच कादंबरीला बघवलं नाही.

सोजरबाईंनी ताट उचललं आणि नातीच्या हातात कोंबलं. "धर गं. तुझ्या आईच्यानं आता व्हत नाय. उद्या सासरी तुला हेच करायचंय."

कादंबरीनं ताट धरलं. सरळ मोरीत नेलं, पाकिटांसकट आईच्या वेगळ्या कपाशेजारी ठेवलं आणि नळ सोडला. परत येऊन हॉलच्या खिडक्या एकेक करून उघडल्या.

"बापाची लाज काढतीस?" संभाजीराव उठले.

"पप्पा, आईचा रोग माहेरचा नाही, या हॉलचा आहे. आई, चप्पल घाल. आपण खडकीला मामाकडे जातोय, सकाळी दवाखान्यात. ह्या घरात सिगारेट पेटणं बंद झाल्याशिवाय आम्ही दोघी परत येणार नाही. आणि ते ताट मी धरणार नाही. इथं नाही, सासरीही नाही!"