बातम्यांचं पथ्य

कपडे धुण्याच्या त्या दुकानातला टीव्ही शटर उघडलं की सुरू व्हायचा आणि शटर पडेपर्यंत बोलत राहायचा. गेला महिनाभर त्यावर एकच बातमी होती. लहानपणी आपल्या शिक्षकाने आपल्याशी काय केलं, हे एका बाईने वीस वर्षांनी कोर्टात सांगितलं होतं, आणि वाहिनी ते दर तासाला, धडधडत्या संगीतावर, नव्याने सांगत होती. तिचा चेहरा तेवढा धूसर केला होता. बाकी काही झाकायची तसदी कोणी घेतली नव्हती.

कपडे टाकायला येणारा जो तो पावती हातात पडेपर्यंत न्यायाधीश होऊन बसायचा. "वीस वर्षं काय तोंडाला कुलूप होतं?" असं एक जण म्हणायचा. दुसरा म्हणायचा, "टाळी काय एका हाताने वाजते?" नऊ वर्षांच्या पोरीबद्दल. लोकांना म्हणी पाठ असतात, लाज तेवढी नसते. असो.

काउंटरवर कपड्यांना नंबराच्या चिठ्ठ्या टोचायला मालकाची मुलगी बसायची. वय पंचवीस, पण घरात अजून बारकीच. हल्ली ती एकाचा शर्ट दुसऱ्याच्या गठ्ठ्यात घालत होती. अन्न पोटात ठरत नव्हतं. अंघोळीला गेली की दार वाजवून बाहेर काढावं लागायचं. तरी टीव्ही मात्र कोणाला बंद करू द्यायची नाही. त्या बाईवर कोणी विश्वास ठेवतं का, एवढंच तिला बघायचं होतं. ठेवला, तर ती आपलंही सांगणार होती. तिच्या बाबतीत शिक्षक नव्हता. सख्खा काका होता, आणि तो आतल्या खोलीत गाणं गुणगुणत वाफेची इस्त्री फिरवत होता.

आई तिला डॉक्टरांकडे घेऊन गेली. डॉक्टर भले होते. अशा बातम्या सतत पाहिल्या की झोप उडते, भूक मरते, मन थाऱ्यावर राहत नाही, असं म्हणाले, आणि त्यात खोटं काहीच नव्हतं. "महिनाभर बातम्यांचं पथ्य पाळा. आणि बाळ, तुला काही सांगायचंय का?" आई शेजारच्याच खुर्चीत बसली होती. बारकीने नाही म्हणून मान हलवली.

घरच्यांनी पथ्य इमानेइतबारे पाळलं. रिमोट काकाकडे दिला, कारण घरात सगळ्यांत प्रेमळ तोच. त्याने प्राण्यांची वाहिनी लावली. "वाघ बघ, बारके," तो म्हणाला. "बातम्यांत काय ठेवलंय?"

निकाल तिला एका गिऱ्हाइकाकडून कळला. कोर्टाने बाईचं म्हणणं मानलं होतं, शिक्षक तुरुंगात गेला होता. बारकीने पिना खाली ठेवल्या, वर घरात गेली आणि भाजी निवडत बसलेल्या आईला सगळं सांगितलं. कोणी, कुठे, किती वेळा. ती रडली नाही.

आईचा चेहरा उतरला. क्षणभर तिला पटलं होतं. मग दिराचा, नवऱ्याचा, दुकानाचा, चार लोकांचा विचार डोक्यात आला आणि तिने ते पटणं गिळून टाकलं.

"हे त्या टीव्हीवरचं आहे," ती म्हणाली. "अगदी तसंच्या तसं."

"ते तसंच असतं, आई."

"डॉक्टर म्हणालेच होते. मनावर परिणाम होतो."

संध्याकाळी बाबांच्याही कानावर तेच घातलं गेलं. काकाने हात पुसत सगळं ऐकून घेतलं. तो चिडला नाही. त्याने डोळ्यांत पाणी आणलं. "पोरीला बोलू नका, वहिनी. आजारी माणसाचं काय मनावर घ्यायचं?" बाबांनी भावाच्या पाठीवरून हात फिरवला. बारकी समोरच उभी होती.

पुन्हा डॉक्टरांकडे न्यायचं ठरलं. आईचे गुडघे दुखत होते, बाबांना दुकान सोडून जाता येत नव्हतं.

"मी नेतो की तिला," काका म्हणाला.

आईने स्वतः वाकून बारकीच्या पायांपाशी चपला ठेवल्या. "जा बाळ," ती म्हणाली. "आणि काका म्हणेल ते ऐक."