चिंगी उरवायला लागली

शहराबाहेर जिथे गोदामं संपतात आणि खाणीचा रस्ता सुरू होतो, तिथल्या वजनकाट्यावर तो कामाला होता. भरलेला ट्रक लोखंडी पाट्यावर चढायचा, हा केबिनमधून लाल आकडा बघायचा आणि पावती फाडायचा. आठ वर्षं हेच काम. म्हणून सगळे त्याला काटेवाला म्हणत. त्याच्या बायकोला विचाराल तर हे नाव त्याला घरातल्या वागण्यावरूनच मिळायला हवं होतं, कारण घरात साखरेचा दाणासुद्धा त्याच्या नजरेनं तोलल्याशिवाय चहात पडत नसे.

तसा तो कंजूष नव्हता बरं का. कंजूष माणसाकडे पैसा असतो. ह्याच्याकडे फक्त पगार होता, तोही एक. बायको गणवेशाच्या कारखान्यात कॉलर बसवायची तोवर घरात दोन पगार यायचे. मग चिंगी झाली. दोन तोंडांची तीन झाली, आणि नेमक्या त्याच महिन्यात दोन पगारांचा एक झाला. तिसऱ्या आठवड्यात बायको तापानं फणफणली. ताप उतरला आणि जाताना अंगावरचं दूधही घेऊन गेला. उरला पावडरचा डबा. त्या डब्याची किंमत अशी, की दुकानदार तो कुलपात ठेवायचा आणि गिऱ्हाइकाचा चेहरा बघून कुलूप काढायचा.

काटेवाल्याचा नियम एकच. काहीही शेवटपर्यंत वापरायचं नाही, थोडं उरवायचं. साबणाची वडी पापडाएवढी पातळ झाली की तो ती नव्या वडीच्या पाठीवर चिकटवायचा. मोरीतली वडी अशी चढत चढत लग्नाआधीपासून चालत आलेली होती. काडेपेटीतली काडी तो ब्लेडनं उभी चिरायचा. तिसऱ्यांदा उकळलेला चहा म्हणजे चहाशी लांबून ओळख असलेलं गरम पाणी. घराला कुलूप लावून निघताना भिंतीवरच्या घड्याळाचा सेल काढून ठेवायचा. "कुणी बघणारच नाही, तर त्यानं फिरायचं कुणासाठी?" आणि ताटातला शेवटचा घास? तो तोंडात कधी जायचाच नाही. आपोआप हात वळायचा आणि घास डब्यात परत. आठ वर्षांत त्यानं स्वतःच्या ताटाचा तळ पाहिला नव्हता.

"अहो, एका घासानं असं काय होणार आहे?" बायको म्हणायची.

"रोजचे दोन. महिन्याचे साठ. साठ घासांची जेवणं किती होतात, कर हिशेब."

"करते की. पण हिशेब करायला अंगात जे त्राण लागतं, ते कुठल्या डब्यातून काढू?"

पावडरच्या डब्यावर लिहिलं होतं, बाटलीला चार सपाट चमचे. काटेवाल्यानं ते वाचलं आणि हसला. "चार लिहितात ते डबा लवकर संपावा म्हणून. जाहिरातीत ब्रशभर टूथपेस्ट दाखवतात ना, त्यातलाच प्रकार." तो तीन चमचे घालायचा आणि वर पाणी. बायकोनं पहिल्या दिवशी त्याचा हात धरला. मग डब्याची किंमत आठवली, आणि तिनं हात सोडला. पुढे त्या दोघांनी ह्या एका गोष्टीवर बोलणंही उरवून ठेवलं.

चिंगी दोन महिन्यांची झाली आणि एका सकाळी अर्ध्या बाटलीवर थांबली. जिभेनं बाटलीचं निपल बाहेर ढकललं आणि पोटभर जेवलेल्या पाहुणीसारखी मान फिरवली. काटेवाल्याला आभाळ ठेंगणं झालं.

"बघ! न सांगता शिकली. रक्त बोलतं ते असं!"

"रक्त बोलतंय खरं," बायको म्हणाली, "पण ती नाही बोलत. काल दिवसभरात किती रडली, सांगा बरं?"

खरंच, चिंगीचं रडणं निम्म्यावर आलं होतं. "ट्यँ" करून सुरुवात करायची आणि दुसऱ्या "ट्यँ"ला मधेच तोडायची. रडू आवरलं असं नाही वाटायचं. उरलेलं रडू घडी घालून कुठेतरी ठेवून दिलंय, असं वाटायचं. आजूबाजूची माणसं खूश. पलीकडच्या भिंतीआडचे आजोबा म्हणाले, मूल असावं तर असं. मग ती हसायची निम्मं, ओठाच्या एकाच कोपऱ्यातून. पाय झाडायची एकच. पुढच्या आठवड्यात तिनं एक डोळा मिटून घेतला. दुखत नव्हता, चिकटला नव्हता, नुसता मिटलेला. दुसऱ्या डोळ्यानं ती बापाकडे टक लावून बघायची. तो जेवायला बसला की जास्तच.

"गुणाची पोर," काटेवाला म्हणायचा. पण आता म्हणताना आवाज जरा खाली यायचा.

त्याचं कारण त्यानं बायकोला सांगितलं नव्हतं. एका रविवारी दुपारी बायको भाजी आणायला गेली आणि तो चिंगीजवळ बसला होता. चिंगीनं श्वास घेतला, सोडला, आणि थांबली. आठ वर्षं आकडे बघणाऱ्या माणसाच्या डोक्यात आकडे आपोआप सुरू होतात. एक, दोन, तीन... सातला तिनं पुढचा श्वास घेतला, अगदी नाइलाजानं, जणू पाकीट उघडावं लागलं. पुढच्या रविवारी आकडा बारावर गेला. काटेवाला घामानं भिजला. लहान मुलांचं असंच असतं, असं स्वतःला सांगत राहिला. पण त्या दिवसापासून त्यानं घड्याळाचा सेल काढणं बंद केलं. त्याला सेकंदाचा काटा लागत होता.

शेजारच्या मावशींनी तीस वर्षं प्रसूतिगृहात काढली होती. हजारो पोरं त्यांच्या हातावर पहिल्यांदा ओरडली होती. त्या एका संध्याकाळी दार न वाजवता आत आल्या, चिंगीला उचललं, आणि त्यांचा हात भसकन वर गेला. भरलेली समजून रिकामी कळशी उचलावी तसा.

"अगं बाई," त्या म्हणाल्या आणि खालीच बसल्या.

"आजारी आहे का हो ती?" बायकोनं विचारलं.

मावशींनी चिंगीचा उघडा डोळा पाहिला, मग मिटलेला पाहिला, मग फळीवरच्या डब्यातले घास पाहिले. "आजार झाला असता तर औषध तरी असतं. ही उरवतेय."

"मग वाईट काय त्यात?" काटेवाला म्हणाला.

"दूध उरवलं. रडू उरवलं. बघणं उरवलं. आता हिच्यापाशी उरवण्यासारखं काय राहिलंय, तूच सांग."

काटेवाल्याची नजर घड्याळाकडे गेली. "मी कुठे काही शिकवलं तिला?" तो पुटपुटला.

"पोरं कानानं शिकत नाहीत रे बाबा, डोळ्यानं शिकतात. एका डोळ्यानंसुद्धा. उद्याच्या उद्या दवाखान्यात घेऊन जा."

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात बायको एकटीच गेली. ह्यानं सुट्टी घेतली असती तर अर्ध्या दिवसाचा पगार गेला असता. दुपारी तीनच्या उन्हात ती चिंगीला छातीशी धरून थेट वजनकाट्यावर आली. केबिनमध्ये काटेवाला होता आणि दारात पिंप होता. पिंप म्हणजे खडी वाहणारा ड्रायव्हर. स्टिअरिंग आणि पोट ह्यांतलं आधी कोण आत बसतं ह्यावर पैजा लागायच्या. तो नुकताच जेवणाचा डबा उघडून बसला होता.

"तीनशे ग्रॅमनं कमी झालीय," बायको म्हणाली. "नर्सबाई माझ्यावर ओरडल्या. पावडर किती घालता, विचारलं. मी तीन म्हटलं. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, असं पाहिलं, की..." तिनं चिंगीवरचा पदर सारखा केला. "मोठ्या दवाखान्यात न्या म्हणाल्या. आत्ताच्या आत्ता. चला."

आता मुकाट्यानं उठावं की नाही? पण काटेवाला तो काटेवाला. "त्यांचा काटा कुणी तपासलाय?" तो म्हणाला. "माझा काटा दर वर्षी तपासला जातो. ये पाट्यावर."

"ह्याच्यावर ट्रक तोलतात हो! पाच किलोच्या खालचं ह्याला कळत तरी नाही!"

"तिघं एकदम उभे राहू. कळेल."

पिंप हातातला घास तसाच ठेवून म्हणाला, "वहिनी, उभ्या राहा. आमच्या मित्राला देवानं सांगितलं तरी तो आकडा विचारतो. मी वाचतो."

आधी चिंगीला केबिनच्या टेबलावर ठेवलं आणि दोघं लोखंडी पाट्यावर उभे राहिले. पिंपानं आतून ओरडून सांगितलं, "एकशे दहा!" मग बायकोनं चिंगीला उचललं आणि ती पुन्हा पाट्यावर आली.

केबिनमधून आवाज येईना.

"अरे, वाच ना!"

"एकशे पाच," पिंप म्हणाला. आवाज असा, की हा पिंपाचाच का, अशी शंका यावी.

काटेवाला धावत केबिनमध्ये आला. स्वतःच्या डोळ्यांनी लाल आकडा पाहिला. चिंगीला टेबलावर ठेवून बायकोला एकटीला तोललं. पंचेचाळीस. चिंगीला घेऊन तोललं. चाळीस. पोर आता स्वतःचं उरवून थांबत नव्हती. जो उचलून घेईल त्याचंही उरवायला लागली होती.

"अहो," बायको पाट्यावरून म्हणाली. अगदी हळू. "अहो, ही श्वास घेत नाहीये."

बाराला घेईल, त्याला वाटलं. बारा झाले. वीस झाले. बायकोनं धावत केबिनमध्ये येऊन तिला हलवलं, पाठीवर थोपटलं, तोंडावर फुंकर मारली. चिंगीचा एक डोळा उघडा होता आणि शांत होता, आणि तो बापावर होता. बायकोच्या पिशवीतून बाटली काढून काटेवाल्यानं तिच्या ओठांना लावली. तिनं जिभेनं बाहेर सारली.

"पंचवीस," बायको म्हणाली. ती मोजत होती हे तिलाही ठाऊक नव्हतं. "सव्वीस. काहीतरी करा हो! सत्तावीस."

डोळ्यानं शिकतात. काटेवाल्यानं पिंपाच्या पुढ्यातला डबा ओढला.

"अरे, माझं जेव..." पिंप म्हणाला आणि गप्प झाला, कारण असा जेवणारा माणूस त्यानंही पाहिला नव्हता. काटेवाला चिंगीसमोर गुडघ्यावर बसला आणि दोन्ही हातांनी खाऊ लागला. भात. उकडलेली अंडी. बटाटे, एकाचे दोन घास न करता. नाकातोंडातून ठसका येत होता, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, बायको मोजत होती. चाळीस. एकेचाळीस. चिंगीचे ओठ निळसर दिसायला लागले.

डब्यात एक घास राहिला. आणि हात वळला.

त्यानं वळवला नाही हो. आठ वर्षांची सवय. हात आपला आपण बाजूला झाला आणि घास डब्याच्या कडेला ठेवून मोकळा झाला. काटेवाल्यानं हाताकडे पाहिलं, जणू तो दुसऱ्याच कुणाचा होता. पुढच्या तीस तारखा डोळ्यांसमोर उभ्या राहिल्या, भाडं, गॅस, डबा, सगळं.

"पन्नास," बायको म्हणाली. मग मोजणं सोडून ती किंचाळली, "खा मेल्या! खा!"

जन्मात तिनं त्याला अरेतुरे केलं नव्हतं. त्यानं डाव्या हातानं उजवा हात धरला, घास तोंडात कोंबला आणि गिळला. डब्याचा तळ जिभेनं पुसला, झाकण पुसलं, आणि रिकामा डबा चिंगीच्या समोर उलटा धरला.

चिंगीचा दुसरा डोळा उघडला. तिनं दोन्ही डोळ्यांनी डबा पाहिला. मग जो श्वास घेतला, त्यानं टेबलावरच्या पावत्या तिच्याकडे सरकल्या म्हणतात. आणि ती रडली.

महिनाभराचं घडी घालून ठेवलेलं रडू एकदम बाहेर आलं. केबिनची काच तडकली. लाल आकडा शून्यावर थरथरू लागला आणि काही केल्या थांबेना. काट्यासमोर सतरा ट्रक उभे राहिले, पण कुणी हॉर्न वाजवला नाही; वाजवला असता तरी ऐकू आला नसता. पिंपानं त्याच्या ट्रकमधून तिघांना मोठ्या दवाखान्यात पोचवलं. तिथल्या डॉक्टरीणबाई रडण्याच्याही वरच्या पट्टीत बोलून म्हणाल्या, फुप्फुसं उत्तम आहेत, चमचे चार घाला आणि रोज येऊन दाखवा. चिंगीचं वजन घेताना काटा मात्र त्यांनी दोनदा तपासला.

चार दिवस काटेवाल्यानं चार चमचे मोजून घातले. बायको शेजारी उभी राहून बघायची. चिंगी बाटली संपवायची, हवा ओढायची, दुसरी मागायची. दुसरी संपली की तिसरी. पाचव्या दिवशी सकाळी चमचा डब्याच्या तळाला खरकन लागला. बायकोनं डबा उलटा करून हातावर आपटला. काही पडलं नाही.

"आज तारीख काय?" तिनं विचारलं.

"तेरा. पगाराला अजून अर्धा महिना आहे."

"मी उद्यापासून कारखान्यात जाते. कॉलरच्या नगावर देतात पैसे. हिला मांडीवर घेऊन बसेन."

"मी रविवारचं काम मागतो. दुसऱ्या पाळीचंही."

"पुरेल?"

काटेवाल्यानं हिशेब करायला तोंड उघडलं, पण आकडा बाहेर आला नाही. चिंगी दोघांच्या मध्ये पडली होती. गाल भरायला लागले होते, दोन्ही पाय झाडत होती. रिकामी बाटली तिनं बाजूला ढकलली, आणि टपोऱ्या डोळ्यांनी आधी आईकडे पाहिलं, मग बापाकडे, आणि तो आता काय करतो ते बघत तिथेच थांबली.