शास्त्राच्या तासाला जन्मलेली कोंबडी

मित्रांनो, मी एक म्हातारी कोंबडी आहे आणि माझा जन्म शास्त्राच्या तासाला झाला. हसू नका. पिल्लं आईच्या उबेखाली जन्मतात हे मलाही ठाऊक आहे. पण आमच्या केसलरांच्या घरातली मुलं शाळेत जात नाहीत, त्यांची शाळा स्वयंपाकघरातच भरते. त्या वर्षी बारा अंडी उबवणीच्या पेटीत ठेवून पिल्लं कशी होतात ते मुलांना दाखवायचं, असं रेनेने, म्हणजे त्यांच्या आईने ठरवलं होतं.

एझ्रा तेव्हा आठ वर्षांचा होता आणि हॅटी पाच. एझ्राने प्रत्येक अंड्याच्या एका बाजूला पेन्सिलीने फुली काढली, दुसऱ्या बाजूला गोल. सकाळी फुली वर, दुपारी गोल वर, संध्याकाळी पुन्हा फुली. एकविसाव्या दिवशी पाच पिल्लं बाहेर आली. त्यांची नावं ठेवली एक, दोन, तीन, चार आणि पाच. मग रेनेने पाटीवर हिशेब मांडला, बारातून पाच गेले, बाकी सात. आणखी दोन दिवस वाट पाहून ती उरलेली अंडी टाकायला निघाली, तेवढ्यात हॅटी किंचाळली, "आई, थांब! हे बोलतंय!" तिने अंडं कानाला लावलं होतं. त्या अंड्यात मी होते. म्हणून माझं नाव बाकी.

पहिले सहा आठवडे मी चुलीशेजारच्या खोक्यात काढले. त्यामुळे माझं शिक्षण चांगलं झालेलं आहे, हे सांगायला मला संकोच वाटत नाही. सातचा पाढा मी तिथेच ऐकला. एका पॅनकेकचे आठ तुकडे केले आणि एझ्राने तीन खाल्ले तर हॅटीच्या वाट्याला भांडण येतं, हेही तिथेच शिकले. पुढे पंख फुटले तशी माझी रवानगी अंगणातल्या खुराड्यात झाली. पण उन्हाळ्यात शाळा ओसरीवर भरायची आणि मी ओसरीच्या पायरीवर जाऊन बसायची. माझी हजेरी एझ्रापेक्षा चांगली होती.

मग माझी कामाची वर्षं सुरू झाली. आठवड्याला पाच अंडी, कधी सहा. एझ्रा अंड्यांची सरासरी काढायचा आणि त्यात मी पहिली यायची. हॅटी मला काखेत धरून सगळीकडे हिंडायची. ती सात वर्षांची असताना तालुक्याच्या जत्रेत तिने मला मांडवात उभं केलं. परीक्षकाने विचारलं ते सगळं तिने धडाधडा सांगितलं. तुरा कुठला, चोचीखाली लोंबणारी गलोल कुठली, पंखातली लांब पिसं कधी झडतात, सगळं. आम्हाला पिवळी फीत मिळाली. तिसरा क्रमांक असला तरी मी ती फीत चोचीने ओढून पाहिली होती. पक्की होती.

या घरात एकच माणूस नाराज असायचं, ती म्हणजे मुलांची आजी, त्यांच्या बाबांची आई लॉरेन. तिने तीस वर्षं शाळेची बस चालवली होती. रविवारी जेवायला आली की ती ओसरीवर उभी राहून सुरू करायची, "बस दारावरून रिकामी जाते आणि माझीच नातवंडं सकाळी नऊला झोपेच्या कपड्यांत कोंबड्यांची घाण मोजत बसतात!"

"मोजत नाहीत, लॉरेन. वजन करतात," रेने म्हणायची. "शास्त्राचा प्रयोग आहे तो."

"बघ हो बाई. एक दिवस कळेल, पोरांना काय येतं नि काय नाही. मग माझ्याकडे रडत येऊ नकोस." असं म्हणून ती माझ्याकडे बोट करायची. "आणि ही जाडी अंडी द्यायची थांबली की सांग. सूप मी करीन."

मला त्या बाईचा राग यायचा. पण हॅटीला तिची भीती वाटायची आणि त्या भीतीचं कारण फक्त मला माहीत होतं. हॅटीला वाचता येत नव्हतं.

तुम्ही म्हणाल, घरात आई शिकवते आणि तिलाच कळलं नाही? मित्रांनो, शाळेत असं फार दिवस चाललं नसतं. तिथे प्रत्येकाच्या हातात वेगळा कागद येतो. आमच्याकडे दोघं मुलं एकाच टेबलाशी. रोज सकाळी रेने मोठ्याने पुस्तक वाचायची, मग एझ्रा आपला धडा मोठ्याने वाचायचा, आणि हॅटी चित्रं रंगवत सगळं ऐकून घ्यायची. तिची पुस्तकं म्हणजे एझ्राचीच जुनी पुस्तकं, घरात शंभर वेळा वाचून झालेली. रेने म्हणाली, "हॅटी, हे पान वाच," की हॅटी पानाकडे बघून घडाघडा म्हणून दाखवायची. एक शब्द चुकायची नाही. रेने रोजच्या वहीत लिहायची, 'हॅटी, वाचन, उत्तम.' घरी शिकवायचं तर नियमाने वर्षाचे एकशे ऐंशी दिवस ती वही लिहावी लागते. जूनमध्ये मिसेस पेल्को नावाच्या निवृत्त शिक्षिका येऊन ती वही बघतात, मुलांशी बोलतात आणि सही करतात. मागच्या जूनमध्ये त्यांनीही सही केली होती. हॅटीने त्यांना एक अख्खी गोष्ट 'वाचून' दाखवली होती.

मला कसं कळलं ते सांगते. हॅटी दुपारी खुराड्यात येऊन मला पुस्तक वाचून दाखवायची. मला पानांवर चोच मारायची सवय आहे. एकदा ती अस्वलाबद्दल बोलत होती आणि मी चोच मारत होते ते डुकराच्या चित्रावर. तिने दोन पानं एकदम उलटली होती आणि तिला पत्ताच नव्हता. मग माझ्याकडे बघून तिने पुस्तक मिटलं.

"बाकी, कुणाला सांगू नकोस," ती हळूच म्हणाली. "अक्षरं मला माहीत आहेत गं. पण ती एकत्र आली की माझं डोकं फिरतं. आजीला कळलं तर ती म्हणेल, बघ, मी सांगत होते. मग आईला खूप वाईट वाटेल आणि सगळं बंद होईल."

आठ वर्षांच्या पोरीने घराची अख्खी शाळा आपल्या डोक्यावर तोलून धरली होती. मी कुणाला सांगणार? मी तिच्या मांडीवर बसून राहिले.

मे महिन्यातली गोष्ट. एझ्राचा दात दुखत होता म्हणून रेने त्याला घेऊन भल्या सकाळी गावात गेली. हॅटी झोपलेली होती. तिचे बाबा, डेल, घरामागच्या पडवीत गवत कापायचं यंत्र दुरुस्त करत होते. निघताना रेने रोजच्यासारखी स्वयंपाकघराच्या दाराशी लटकवलेल्या पाटीवर हॅटीची दिवसभराची कामं लिहून गेली. हॅटी उठली, पाटीसमोर उभी राहिली. एरवी एझ्रा आपली यादी वाचताना तिचीही वाचायचा आणि तिचं निभायचं. आज एझ्रा नव्हता. रोज पहिलं काम असतं ते कोंबड्यांना बाहेर सोडायचं. तिने तेच केलं.

पाटीवर लिहिलं होतं, 'हॅटी, आज कोंबड्या अजिबात सोडू नकोस. शेजाऱ्यांचा कुत्रा सुटलाय. त्यांचा फोन आला होता.'

तो कुत्रा कुंपणाखालून आला. त्याबद्दल मी जास्त सांगणार नाही. डेल हातात पाना घेऊन धावत आले तोवर आमची तीन नावाची कोंबडी गेली होती. माझी शेपटी गेली होती आणि उजवी मांडी फाटली होती. तीन माझ्या शेजारी दांड्यावर बसायची. तिची जागा आम्ही कितीतरी दिवस मोकळी ठेवली होती.

दुपारी रेने परतली. एझ्राचा गाल सुजलेला, तरी तोंड थांबत नव्हतं. "पाटीवर एवढं ठळक लिहिलंय! आंधळी आहेस का गं?"

हॅटी पाटीकडे बघत राहिली. मी डेलच्या कोटात गुंडाळलेली होते, तिथून मला तिचा चेहरा दिसत होता. आता सांगेल, असं मला वाटलं.

"मी वाचलं होतं," ती म्हणाली. "मला वाटलं, काही नाही होणार."

मित्रांनो, मी उभ्या आयुष्यात इतकी चिडले नव्हते. वाचता येत नाही म्हणून सांगण्यापेक्षा पोरीने स्वतःला वाईट ठरवून घेतलं!  "वाचलंस आणि तरी सोडलंस? हॅटी, तू अशी नाहीस," रेने म्हणाली. मग म्हणाली, "आजपासून कोंबड्यांचं सगळं काम एझ्रा करेल." हॅटीने मान हलवली. मी कॉक कॉक करून घर डोक्यावर घेतलं, तर डेल म्हणाले, "बिचारीला फार दुखतंय." दुखत तर होतंच, पण मी त्यासाठी ओरडत नव्हते.

डेलनी गावातून औषधाची बाटली आणली आणि ते एझ्राला घेऊन तीनसाठी खड्डा खणायला गेले. स्वयंपाकघरात आम्ही तिघीच उरलो. रेनेने मला टॉवेलात गुंडाळून दोन्ही हातांनी घट्ट धरलं. मी झटापट करत होते हे कबूल करते.

"हॅटी, मला हात मोकळे करता येत नाहीत. बाटलीवर बघ, किती थेंब लिहिलेत. मोठ्या कोंबडीचं वाच हं, पिल्लांचं नको. जास्त झालं तर मरेल ती."

हॅटीने बाटली उचलली. त्या चिठ्ठीवर मुंग्यांसारखी बारीक अक्षरं होती आणि त्यांत तीन-चार निरनिराळे आकडे. ती बाटलीकडे बघत होती, मग माझ्याकडे, पुन्हा बाटलीकडे. पुस्तक असतं तर तिने ठोकून दिलं असतं. पाटी असती तरी अंदाजाने चालवलं असतं.

"वाच ना, राणी. तिला फार वेळ धरवणार नाही."

"आई," हॅटी म्हणाली. "मला वाचता येत नाही."

"अक्षरं बारीक आहेत का? माझा चष्मा घे."

"नाही गं! मला काहीच वाचता येत नाही. पाटीपण नाही. गोष्टींची पुस्तकंपण नाही. मला सगळं पाठ आहे फक्त."

रेने मला घेऊन खाली फरशीवरच बसली.  मग तिने स्वतः बाटली वाचली, सहा थेंब, आणि हॅटीने ते माझ्या चोचीत सोडले. औषध कडू जहर होतं. मी निमूट गिळलं.

"तू मघाशी खोटं का बोललीस? माझा राग ओढवून घेतलास," रेनेने विचारलं.

"आजी म्हणते ते खरं होईल म्हणून."

रेनेने एका हाताने तिला कुशीत ओढलं. मी दोघींच्या मध्ये चेंगरले. "वेडाबाई," ती रडत म्हणाली, "चुकले मी. तुझे शब्द ऐकत बसले आणि डोळे बघितलेच नाहीत." त्या दिवशी तिने वही काढली आणि जिथे जिथे 'वाचन, उत्तम' लिहिलं होतं तिथे रेघ मारली. एका पानावर नाही, सगळ्या पानांवर. रविवारी तिने आजीलाही स्वतःच सांगून टाकलं. हॅटी टेबलाखाली लपली होती.  तोंडाशी आलेलं वाक्य आजीने कसंबसं गिळलं हे मला खिडकीतून स्पष्ट दिसलं.

"डेललासुद्धा दहाव्या वर्षापर्यंत नव्हतं येत," ती शेवटी म्हणाली. "शाळेतच जायचा तो. माझ्याच बसमधून." मग ती वाकून टेबलाखाली बघू लागली. "बाहेर ये गं. मी काय खाते का तुला?"

जूनमध्ये मिसेस पेल्कोंनी त्या रेघा मारलेल्या वहीची पानं एक एक करून बघितली. "फसवलंस की मला!" त्या हॅटीला म्हणाल्या. रेनेला त्यांनी शिकवायची वेगळी पद्धत सांगितली, शब्द सुटा करून, वाळूत बोटाने गिरवून. आणि जाताना वाचनालयातून आणलेलं एक पातळ पुस्तक ठेवून गेल्या. घरात कुणीही ते मोठ्याने वाचायचं नाही अशी त्यांनी सक्त ताकीद दिली.

उन्हाळा गेला. हॅटी रोज थाळीतल्या वाळूत बोट फिरवायची, चिडायची, थाळी ढकलून द्यायची, पुन्हा ओढून घ्यायची. पानं पिवळी व्हायला लागली तेव्हा एका दुपारी ती ते पातळ पुस्तक घेऊन खुराड्यात आली. मी लंगडत तिच्या मांडीवर चढले. तिने बोट पहिल्या शब्दाखाली ठेवलं. एका ओळीला इतका वेळ लागला की मला डुलकी आली. घडाघडा म्हणणारी ती पोर आता लंगड्या कोंबडीसारखी वाचत होती. अडखळायची, थांबायची, ओठ हलवायची, पुन्हा पुढे. एक पान संपलं. तिने दुसरं उलटायला हात नेला आणि थबकली.

"बाकी," ती म्हणाली, डोळे एवढे मोठे करून, "मला माहीतच नाही पुढे काय होणार आहे!"

आठ वर्षांत पहिल्यांदाच तिला गोष्टीत पुढचं माहीत नव्हतं. मग तिने पान उलटलं.

आता हॅटी अकरा वर्षांची आहे. अजून सावकाश वाचते, पण रोज वाचते. माझी अंडी बंद होऊन वर्ष झालं. सुपाचं भांडं काही अजून निघालेलं नाही, उलट तीच आजी रविवारी पदरचं बिस्कीट मोडून मला भरवते आणि कुणी पाहिलं की हात झटकते. मी सुखात आहे.

मित्रांनो, एक म्हातारी कोंबडी तुमच्याकडे एवढंच मागते. जे येत नाही ते लपवून ठेवू नका. माझ्यासारखं कुणी असेल तर त्याच्या कानात खुशाल सांगा, आम्हाला मांडीवर बसून ऐकायला आवडतं. पण आम्ही पुढे कुणाला सांगू शकत नाही हो. मी वर्षभर ते ओझं पोटात घेऊन बसले होते आणि माझ्याच्याने तिची काडीची मदत झाली नाही. म्हणून आधी मला सांगितलंत तरी चालेल, मग मात्र उठा, आत जा आणि आईला सांगा.