चारनंतर पाणी नाही

“सोडा आजी, सोडा म्हणते ना! साहेबांच्या अंगावर सांडेल!”

“सांडू दे. तू सोड आधी. तुझ्या हाताला वास लागंल.”

“जेवणाच्या टेबलावर हे आणून ठेवलंत? लाज वाटते का काही?”

“लाज? मला? मला इचारतेस तू?”

एका बाजूने मॅनेजर हेतल मॅडम आणि दुसऱ्या बाजूने सत्त्याहत्तर वर्षांची जमुना, अशा दोघी ज्याला धरून ओढत होत्या, तो मी. मी बेडपॅन बोलतोय. नाक मुरडलंत? मुरडा खुशाल. आयुष्यभर मी मुरडलेली नाकंच बघत आलोय. पण आज माझं ऐकून घ्यावं लागेल, कारण त्या टेबलावर ढोकळ्याच्या प्लेटीशेजारी मी का गेलो, हे माझ्याइतकं कुणालाच ठाऊक नाही.

माझा जन्म तारापूरच्या औद्योगिक वसाहतीतला. एका शेडमध्ये स्टीलचा पत्रा दाबून भांडी काढायचे. माझ्याच पत्र्यातून निघालेली एखादी ताटली कुणाच्या लग्नात गेली असेल, तिच्यात जिलबी पडली असेल. माझ्यात काय पडलं ते सांगायला नको. मला त्याची खंत नाही आणि किळस तर नाहीच नाही. माणसाच्या अंगातून खाली जे येतं ते कधी खोटं बोलत नाही. तोंडातून येतं त्याची खात्री मी देत नाही.

पहिली काही वर्षं मी पालघरच्या एका छोट्या हॉस्पिटलात काढली. तिथे दीपिका सिस्टर होती. मला रुग्णाखाली सरकवण्याआधी ती माझ्यावर कोमट पाणी ओतायची, कोरडं पुसायची आणि स्वतःच्या मनगटाला माझा काठ लावून बघायची. उघड्या अंगाला गार स्टील लागलं की माणूस आकसतो, हे तिला कळायचं. मला उचललं की ओतण्याआधी ती आत बघायची. मग डॉक्टरांना सांगायची, “सात नंबरच्या काकांना आज कमी झालीय, रंगही गडद आहे.” नाक न दाबता बघायची, हे विशेष.

हॉस्पिटल बंद पडलं. खाटा, कपाटं आणि आम्ही भांडी एका टेम्पोत कोंबले गेलो आणि उमरोळीवरून बोईसरकडे निघालो. कुंभवलीच्या थोडं अलीकडे दोन मजली इमारत आहे. म्हाताऱ्या, अंथरुणाला खिळलेल्या माणसांना सांभाळायची जागा. पूर्ण नाव सांगत नाही. पाटीवर ‘सुख’ हा शब्द आहे, एवढ्यावर ओळखा.

इथे मला कळलं की माणसं किती हुशार असतात.

एकोणीस म्हातारी माणसं आणि रात्रीला एकच आया. एकोणीस जणांना ती कुठे कुठे उचलणार? दुसरी आया ठेवणं हा एक उपाय. हेतल मॅडमनी दुसराच काढला. दुपारी चार वाजले की सगळ्या खाटांजवळचे पाण्याचे जग गोळा व्हायचे. ‘धुवायला’. ते उगवायचे थेट दुसऱ्या दिवशी सकाळी सातला. रात्रीची गोळी दोन घोट पाण्याबरोबर, मोजून. पाणीच आत गेलं नाही तर बाहेर काय येणार? अंथरूण कोरडं, आया मोकळी, मी रिकामा.

कुणी विचारलंच तर मॅडमचं उत्तर पाठ होतं. “रात्री पाणी प्यायले की उठतात, पडतात, हाडं मोडून घेतात. मग घरचे आमच्या अंगावर येतात. सेफ्टी आहे ही, सेफ्टी.” हे सांगताना तिचा आवाज इतका मऊ व्हायचा, की ऐकणाऱ्याला वाटावं, केवढी काळजी करते ही बाई! मला त्या मऊ आवाजाची शिसारी बसली. घाण मी रोज पाहतो, पण ती पावडर लावून बसलेली तिथे पहिल्यांदा पाहिली.

माझ्यात पडणारा रंग बदलत गेला. आधी पिवळा, मग मोहरीच्या तेलासारखा, मग कोऱ्या चहासारखा. वास असा, की आया तोंडाला ओढणी बांधून मला उचलायच्या आणि आत न बघता संडासात उपडा करायच्या. बघणारं कुणी उरलं नव्हतं.

अशात जमुना आली. शिरगावची. तिची पानवेलीची, केळीची वाडी होती. शाळेचं तोंड पाहिलेलं नाही. खताच्या गोणीवरची अक्षरं जुळवत जुळवत वाचायला शिकली आणि मग हातात येईल तो कागद वाचत सुटली. कंबरेचं हाड मोडल्यावर पुतण्याने आपल्याकडे बोलावलं, तर म्हणाली, “कोणाच्या सुनेच्या तोंडाकडं बघत बसायला मी काय मांजर हाय?” आणि स्वतःहून इथे दाखल झाली. चार दिवसांत वॉकर घेऊन सगळ्या खोल्या फिरून आली. पाचव्या दिवशी चार वाजता आयाने तिचा जग उचलला, तर जमुनाने तिचं मनगटच धरलं.

“कुठं नेतेस?”

“धुवायला, आजी.”

“सकाळपातूर धुतेस? असं काय लागलंय त्याला?”

तिच्या शेजारच्या खाटेवर शालू. उमरोळीची, अंगणवाडीत मदतनीस होती. डावं अंग लुळं पडलेलं, पण जीभ शाबूत. जमुनाने आयांना झापायला सुरुवात केली की शालू म्हणायची, “हळू गं जमुने, तुझ्या आवाजानं मडकं फुटंल.”

“फुटू दे की. तेवढंच पाणी दिसंल.”

दोघी हसायच्या. मग जमुना बेसिनच्या नळाला तोंड लावून घटाघटा पाणी प्यायची आणि औषधाच्या बाटलीत भरून शालूसाठी आणायची. चमच्याचमच्याने पाजायची. त्या महिन्यात माझ्यात पडणारा शालूचा रंग पुन्हा फिका झाला. मला बरं वाटलं. बेडपॅनलाही बरं वाटतं हो.

मॅडमना हे कळलं. ओरडली नाही, तसली ती नव्हेच. “ठसका लागला तर जबाबदारी कोण घेणार, आजी?” एवढंच म्हणाली आणि शालूची खाट खालच्या मजल्यावर मागच्या खोलीत हलवली. जमुनाला जिना उतरायची बंदी. शालूबरोबर मीही खाली गेलो.

त्यानंतरचे नऊ दिवस मी विसरणार नाही. शालूची जीभ पांढरी पडली, ओठांना भेगा गेल्या. हाक मारायची घंटी होती, पण तिची वायर गुंडाळून वर खिळ्याला अडकवलेली. हात पोचणार कसा? पाचव्या दिवशी तिची लेक येऊन गेली. दात नसलेल्या आईसाठी सफरचंदं घेऊन. शालू तिला ‘बाई’ म्हणाली आणि अंगणवाडीची चावी मागू लागली. मॅडम खांद्यावर हात ठेवून म्हणाली, “वय झालं ना, आता असंच भ्रमात राहायचं.” लेक डोळे पुसत गेली. खाटेखाली मी होतो. एकदा वाकली असती तर!

फक्त मेघाली वाकायची. जव्हारच्या डोंगरातली आया, नवी. एकदा आत बघून दचकली होती. तिनेच वर जाऊन जमुनाच्या कानात सांगितलं, “आजी, शालूआजीचं अंग तापलंय. मला ‘आये, आये’ करतात. मॅडमना सांगितलं, तर म्हणतात, तपासणी होऊ दे मग बघू.”

तपासणी! जिल्ह्यातून साहेब येणार होते. इथली काळजी, सुरक्षितता कशी आहे ते बघून कागदावर खुणा करायला. त्या खुणांवर या जागेचं पुढच्या वर्षांचं भवितव्य. आदल्या दिवसापासून फिनेल इतकं ओतलं की माणसं खोकून बेजार. घडीच्या खुणा असलेल्या नव्या चादरी आल्या. प्रत्येक खाटेखाली प्लास्टिकच्या पिशवीतले कोरे बेडपॅन आले. ते वापरायचे नव्हते, दाखवायचे होते. तपासणीच्या दिवशी सकाळी मला मागच्या टाकीआड टाकून द्यायचा हुकूम मेघालीला मिळाला.

तिने मला उचललं. शालूची रात्रीपासूनची लघवी माझ्यात तशीच होती. मेघाली टाकीकडे गेली नाही. माझ्यावर एक ताटली झाकली, जिना चढली आणि तिने मला जमुनाच्या खाटेवर ठेवलं. “आजी, मी फेकलंय हां,” म्हणाली आणि निघून गेली. नोकरी घालवायला एवढं पुरे होतं तिला.

खाली साहेब आले. नागोराव त्यांचं नाव. बरोबर फोटो काढणारी एक मुलगी. प्रत्येक खोलीत विचारायचे, “काय आज्जी, सगळं ठीक?” मागे हेतल मॅडम उभी. मग काय, सगळं ठीक! शालूच्या खोलीच्या दाराशी मात्र साहेबांनी नाकाला रुमाल लावला. फिनेलच्या खालून वर आलाच होता तो.

“हा वास कसला हो, मॅडम?”

“एमआयडीसीचा हो, साहेब. सकाळी गॅस सोडतात ना मेले. आम्हीपण किती तक्रारी केल्या!”

“हो, हो. इकडे तो त्रास आहेच,” म्हणून साहेबांनी मान डोलावली आणि पुढे चालू लागले.

कारखान्यांचं पाप मी झाकणार नाही, मी तिथलाच आहे. पण एका तहानलेल्या बाईची लघवी त्यांच्या नावावर खपवताना मॅडमची जीभ जराही अडखळली नाही, आणि ऐकणाऱ्याला ते बरंच वाटलं. घाण म्हणतात ती हीच, बाकी सगळा मळ.

मला घेऊन जमुना जिन्याच्या तोंडाशी आली होती. तिने ते ऐकलं. वॉकर वर सोडून, एका हाताने कठडा आणि दुसऱ्या हाताने मला धरून, मोडक्या कंबरेने ती एकेक पायरी उतरली. एक थेंब सांडू दिला नाही. साहेब नुकते टेबलाशी टेकले होते. तिने मला ढोकळ्याशेजारी ठेवलं. मग ती ओढाओढ झाली, ती तुम्ही ऐकलीतच. त्यात ताटली खणकन खाली पडली आणि सगळ्यांना मी दिसलो. तळाशी जेमतेम वाटीभर, कोऱ्या चहापेक्षा काळं.

“ही शालूची, काल रातीपासनं आत्तापातूरची,” जमुना म्हणाली. “हा घ्या तुमचा एमआयडीसीचा गॅस.”

फोटोवाल्या मुलीने तोंड फिरवलं. साहेब रुमालातूनच म्हणाले, “आज्जी, तुमचं बरोबर असेल. पण आमचा फॉर्म ठरलेला असतो. त्यात हे बसत नाही.”

“बघू तुमचा फारम.” तिने तो ओढूनच घेतला. बोट फिरवत वाचू लागली. “आग इजवायचा डबा हाय. क्यामेरा हाय. जिन्याला कठडा हाय, खरं हाय, त्याच्यावरनंच आले. शुद्ध पाण्याची सोय... हाय म्हणून खूण केलीय तुमी.”

“फिल्टर आहे ना, आज्जी. मी बघितला.”

“फिल्टर मीबी रोज बघते, सायब. त्यातलं पाणी बाईच्या तोंडात जातं का, ते कुठं लिवलंय?”

साहेबांनी पेन खाली ठेवलं. तेवढ्यात हेतल मॅडमचा तो मऊ आवाज आलाच. “साहेब, मनावर घेऊ नका. आजी एकट्या आहेत, बिचाऱ्या. या वयात सगळ्यांचीच लघवी अशी होते. म्हातारपण आहे, दुसरं काय!”

साहेबांना सुटल्यासारखं झालं. त्यांनी पेन पुन्हा उचललं.

भांडण संपलं ते जमुनाच्या पुढच्या एका वाक्याने. ते सांगण्याआधी माझं काय झालं ते सांगून टाकतो, कारण त्या वाक्यानंतर मी काय बोलणार?

साहेब उठले आणि रुमाल खिशात घालून शालूच्या खोलीत गेले. जमुनाने त्यांच्यादेखत शालूच्या हाताची कातडी चिमटीत धरून सोडली. ती तंबूसारखी उभीच राहिली. पाणी नसलेलं रोप तिला कळायचं, तसंच हे. तासाभरात गाडी आली. शालूला पालघरच्या हॉस्पिटलात सलाईन लागलं. सहा दिवसांनी ती परत आली आणि “जमुने, माझी खाट कोणी हलवली गं?” म्हणून भांडायला लागली. मेघालीला काढायची हिंमत कुणाला झाली नाही. जग आता चारनंतरही खाटेजवळ असतात. आजपर्यंत तरी. पाटीवर सुख अजून आहे आणि मॅडमही आहे. माझी शिसारी काही गेलेली नाही.

मी शालूच्या खाटेखाली आहे, कामात आहे. तुमचं माणूस अशा जागी असेल, तर भेटायला जाताना सफरचंदं नेऊ नका. खाली वाका. माझ्यासारखा कुणीतरी तिथे असेल, त्याच्यात बघा. रुमाल घरी ठेवून जा.

तर, साहेबांनी पेन उचललं होतं. जमुनाने कंबरेवर हात ठेवले आणि हेतल मॅडमच्या डोळ्यांत बघून म्हणाली, “शालूहून मी चार वर्सांनी मोठी हाय आणि चोरून का होईना, रोज नळाचं पाणी पिते, आण ते तुझं नवं कोरं भांडं, हितंच सायबांसमोर करून दाखवते, मग म्हातारपणाचा रंग कोणता न् तुझा कोणता, ते ताडून बघ.”