पहिल्या सुपाचा मान

मी एक जुने तांब्याचे तपेले आहे, किन्हवलीच्या पलीकडच्या एका गावातल्या गावकीचे. मित्रांनो, जुनी भांडी आपली कहाणी सांगताना गळा काढतात. मला रडू येत नाही. मला राग आला आहे, आणि तो तुम्ही शेवटपर्यंत ऐकून घ्या.

मला मुरबाडजवळच्या म्हशाच्या जत्रेतून आणले ते आमच्या गावातल्या सकुबाईच्या सासऱ्याने. स्वतःची बैलजोडी तिथेच विकून त्याने मला घेतले आणि गावकीला देऊन टाकले. म्हणाला, सगळ्या गावाने एका भांड्यातले खावे. माझ्या काठावर त्याचे नाव कोरलेले आहे. तेव्हापासून गावात रीतच पडली. गावदेवीच्या जेवणाला मला चुलीवर ठेवले की माझ्या कोरड्या पोटात पहिले सूप पडते ते सकुबाईच्या घरच्या तांदळाचे. मग बाकीची घरे ओततात, मग पाणी, मग जाळ. तिच्या आधी कोणी दाणाही टाकत नाही.

काय दिवस होते ते! लग्ने, बारशी, दहावे, तेरावे, सगळे माझ्याच पोटात शिजले. "आपल्या तपेल्यातल्या भाताची चवच न्यारी," असे लोक बोटे चाटत म्हणायचे आणि मी फुलून जायचे. एरवी देवळामागच्या खोलीत पडून असायचे. उंदीर अंगाखांद्यावर खेळायचे. त्याचे मला कधी वाईट वाटले नाही. माझा राग त्याचा नाही.

माझा राग योगिनीसाठी आहे. योगिनी ही सकुबाईची सून. तिचा नवरा हरेश मुरबाडच्या एका कारखान्यात कामाला जातो. लग्नाला दोन वर्षे होत नाहीत तोच तिच्या मानेत गाठ आली आणि ती कर्करोगाची निघाली. तेव्हा गावाने मला देवळाच्या दारात ठेवले. ज्याला जेवढे जमले तेवढे पैसे त्याने माझ्यात टाकले. गावकीचे अध्यक्ष कुंडलिकशेठ यांनी सर्वांत आधी टाकले. त्या दिवशी मला या गावाचा फार अभिमान वाटला होता.

योगिनी बरी झाली. पण औषधे सुरू करण्याआधीच मुंबईच्या डॉक्टरीणबाईंनी त्या दोघांना समजावले होते की, ही औषधे फार कडक आहेत, पुढे मूल होणे अवघड जाईल. म्हणून तिच्या पाटल्या मोडून दोघांचे गर्भ तयार करून घेतले आणि दवाखान्यात गोठवून ठेवले. आता डॉक्टरीणबाई म्हणतात, शरीर तयार आहे, उशीर करू नका. पण पुढच्या उपचाराला पैसा लागतो. सरकारी कार्डावर कर्करोगाचा इलाज झाला, हा त्यात बसत नाही. आणि गोठवून ठेवण्याचे या वर्षीचे भाडे, म्हणजे ठेवणावळ, भरली नाही तर गर्भ सांभाळता येणार नाहीत, असे दवाखान्याने कळवले.

दोघे सकुबाईला घेऊन देवळात गावकीपुढे आले. मी खोलीतून सगळे ऐकत होते.

"जीव वाचवायचा तं गाव उभा राह्यला ना?" कुंडलिकशेठ म्हणाले. "आता ह्ये हौसंचं काम. हौसंला गावकी पैसं देत नाय."

योगिनी मान खाली घालून बसली नाही. म्हणाली, "काका, घराला आग लागली तं तुमी आधी काय भायेर काढता? बीचं भात. उपाशी राह्यलं तरी त्ये कोन शिजवत नाय. आमचं बी डाक्तरांनी आगीतून भायेर काढलंय. त्ये फुकट घालवू नका."

सगळा गाव भातशेती करणारा. बी म्हणजे काय हे तिथल्या एकेका माणसाला कळते. तरीही सगळे जमिनीकडे बघत बसले. त्याच बैठकीत देवळाच्या कळसाला पैसे मंजूर झाले, आणि मलाही नवी कल्हई करायचे ठरले. मित्रांनो, तांब्याच्या भांड्याला आतून कल्हई लावतात, नाहीतर त्यात अन्न कळकते. म्हणजे माझ्या पोटाची काळजी गावाला होती, तिच्या पोटाची नव्हती! माझी मला लाज वाटली.

उठता उठता कुंडलिकशेठ सकुबाईला म्हणाले, "पोराचं दुसरं लगीन लाव गो. तपेल्याचं भाडं घेनार नाय आमी."

गावकीतले दोघेजण हसले. हरेश उठून उभा राहिला, तसे सकुबाईने त्याच्या हाताला धरून त्याला बाहेर नेले.

तुम्हाला अजून एक सांगायचे राहिले. गावात बारसे असले की माझ्यात घुगऱ्या शिजतात. बाया पाळण्याभोवती गाणी म्हणतात, एकमेकींच्या ओट्या भरतात. योगिनीला कोणी ये म्हणत नाही. ती येते मागच्या दाराने आणि मला घासते. "तू तपेल्याचं बघ गो," असे म्हणून तिच्या हातात राख आणि नारळाची शेंडी देतात. तिच्या हातांइतके मला कोणाचे हात ओळखीचे नाहीत. त्या हातांना एकदाही कोणी बाळ दिले नाही. काय म्हणावे या माणसांना!

गावदेवीच्या जेवणाचा दिवस आला. नवी कल्हई लावून मला चकचकीत करून चुलीवर ठेवले. सगळ्या घरच्या बाया सुपे घेऊन उभ्या राहिल्या. सकुबाई पुढे आली. सूप तांदळाने भरलेले होते. ती माझ्यापाशी थांबली आणि थांबूनच राहिली.

"वत ना गो!" कुंडलिकशेठ म्हणाले.

"नाय वतत. माझ्या घरात बी सडतंय आनि मी गावाला जेवू घालू?"

"पेटव रे चूल!" ते ओरडले. "सासऱ्याचं नाव जळतंय म्हटल्यावर वतेल बरोबर."

कोरड्या तपेल्याखाली जाळ केला. असली चूक पोरसवदा सूनसुद्धा करत नाही. पण मान खाली घालायची कोणी? मी तापले. नवी कल्हई वितळली, तिचे थेंब माझ्या बुडाशी गोळा झाले, मग तेही काळे पडले आणि माझे बूड फुगून वाकडे झाले. लोक "वता, वता" म्हणत होते, पण पहिल्या सुपाचा मान मोडायची कोणाची छाती झाली नाही. मला खूप पोळले. आणि खरे सांगते, मला बरे वाटले.

योगिनी नेहमीप्रमाणे मागे उभी होती, हातात राख आणि शेंडी. सकुबाई वळली. "टाक ती राख," म्हणाली. "पदर पसर." आणि पहिले सूप तिने सुनेच्या ओटीत ओतले.

मग हौसा पुढे आली. तिच्या तीन पोरांच्या बारशाला योगिनीनेच मला घासले होते. तिने आपले सूप योगिनीच्या ओटीत ओतले. तिच्यामागून आणखी काही जणी आल्या. सगळ्या नाही. ज्या आल्या नाहीत त्यांची नावे मला पाठ आहेत.

"तपेलं आता कामाचं नाय," सकुबाई गावकीला म्हणाली. "माझ्या सासऱ्यानं गावाच्या पोटाला दिलं व्हतं. मोडीत घाला, नि पैसं हिला द्या." या वेळी कुंडलिकशेठ जमिनीकडे बघत होते.

आज मी टेम्पोत आहे. मुरबाडला मोडीच्या दुकानात चाललो आहोत, मी आणि हरेश. माझ्या तांब्याच्या पैशात सगळा उपचार होणार नाही, यंदाची ठेवणावळ भागेल. पुढचे गावाने बघावे. मूल होईलच, असे वचन डॉक्टरांनीही दिलेले नाही.

मित्रांनो, जुन्या भांड्यांना जपा, असे मी तुम्हाला सांगणार नाही. भांडी पुन्हा मिळतात. बारशाच्या घुगऱ्या लहान पातेल्यात शिजवा, नाहीतर शिजवूच नका. पण पुढच्या बारशाला योगिनीला पुढच्या दाराने आत घ्या आणि बाळ तिच्या मांडीवर द्या. खरकटे पातेले तुमचे तुम्ही घासा.